रबराचं बदक

नान्नांनी सांगितलं ते असं:
"वरून कुणीतरी चादर सोडली, डाव्याच डोळ्यावर.
पार काठापर्यंत आली आणि गुंडाळून वर गेली."
चारेक मिनिटं.
कापसाचा भुगा गेला असेल म्हणून डोळा धुतला
आणि पाळी पुरी केली.
आम्हाला हे कळलं तीन आठवड्यांनी,

म्हणजे कांडी बदलताना उजव्या हातातून कांडी सुटली तेव्हा.
उचलायला वाकले तर बोटं परक्याची.
अम्माला हाक मारायची होती,
तोंडातून ना तेलुगू आलं ना मराठी,
नुसता ओला कापूस.
दहा मिनिटांनी सगळं जागेवर.
"आलं की परत," म्हणत चहा मागितला.

कोपऱ्यावरच्या बिराजदार डॉक्टरांनी
छातीची नळी मानेवर ठेवली. "श्वास धरा."
मग माझ्या कानात घातली.
शूऽऽ. शूऽऽ.
रात्री साखर पेठेत एखादाच माग चालू राहावा
तसं काहीतरी, लांबून.
"हा आवाज यायला नको," ते म्हणाले.
"उद्या नाही. आत्ता जा."

हुंडेकरी मॅडमनी मानेवर गार जेल फासलं.
पडद्यावर लाल, निळं, मधेच पिवळं भडकलेलं.
"इथं वेग फार आहे."
नान्ना खूश. चाळीस वर्षं माग चालवलेला माणूस,
वेग म्हणजे चांगलाच.
मला मात्र आमची पाण्याची पाळी आठवली,
पाचव्या दिवशी पहाटे येणारी,
पाइपच्या तोंडावर अंगठा दाबला की
पाणी समोरच्या भिंतीपर्यंत उडतं
आणि बादली काही भरत नाही.

डावी बाजू ऐंशी टक्के बंद. उजवी पन्नास.

कुलशेट्टी डॉक्टरांनी कागदावर फाटा काढला.
"गोळ्या जन्मभर आहेतच. जाळीही बसवता येते.
पण तुमची नळी उघडून साफ केलेली बरी,
आणि याच आठवड्यात."
"धोका?" "शंभरात तीन-चार जणांना टेबलावरच झटका येतो."
"आणि नाही केलं तर?"
"दोन वर्षांत चारातल्या एकाला."
नान्नांनी बोटांवर काहीतरी मोजलं.
मजुरीचा हिशेबही ते असाच करतात, ओठ न हलवता.
"करा," म्हणाले. "पण बिडीचं काय?"
अम्मा दारात उभी होती.
तिच्या सुपातल्या हजार बिड्यांवर
माझं शिक्षण झालेलं.
कुणीच काही बोललं नाही.

मान बधिर केली, माणूस जागा ठेवला.
उजव्या हातात एक पिवळं रबराचं बदक दिलं.
दाबत राहायचं.
रक्त अडवलं की मेंदू चालू आहे का,
हे ते बदक सांगणार.

दाराबाहेर बाकावर मी ऐकत होते.
कुंई. कुंई.
मधून नान्नांचा आवाज, तेलुगूत उलटे आकडे:
पदी, तोम्मिदी, एनिमिदी...
कुंई.
मग नाही.

किती वेळ, मला माहीत नाही.
भिंतीवरच्या घड्याळात सेकंदाचा काटाच नव्हता.
आत तात्पुरती नळी घालून रक्त वर पोचवलं,
हे नंतर कळलं.
तेव्हा एवढंच की अम्माने माझं मनगट धरलं
आणि तिच्या तंबाखूच्या बोटांचा वास आला.

कुंई.

बाटलीत जे दाखवलं ते पिवळट, खरबरीत,
चटणीत कुटायचं राहिलेल्या शेंगदाण्याएवढं.
"एवढ्यासाठी?" नान्ना म्हणाले,
आणि ते शब्द नीट आले
म्हणून आम्ही दोघी रडलो.

आता गळ्याशी एक तिरपी शिवण आहे.
तिच्यावर ते बोट फिरवतात,
टाके मोजतात. कारागीर चांगला, म्हणतात.
रोज जेवल्यावर एक गोळी, झोपताना एक.
बिडी नाही. म्हणजे नाही असं ते सांगतात.
अम्मा सूप घेऊन शेजारच्या ओट्यावर बसते.
उजवी बाजू पन्नासच आहे अजून,
सहा महिन्यांनी परत जेल, परत पडदा.

बदक भावाच्या पोराने पळवलंय.
दिवसभर घरभर कुंई कुंई,
डोकं उठतं.
पण ते मधेच थांबलं
की आम्ही दोघी हातातलं काम सोडून
आधी नान्नांकडे बघतो.